सोलापुरात मुक्काम कशासाठी?

सोलापूर स्टेशनच्या बाहेर जीपवाले आणि रिक्षावाले ज्या गावांची नावे पुकारतात, त्यांत सोलापूर नसते. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर. आग्नेयेला चाळीसेक किलोमीटरवर स्वामी समर्थ, उत्तरेला साधारण तेवढ्याच अंतरावर तुळजाभवानी, पश्चिमेला सत्तरेक किलोमीटरवर विठोबा. दक्षिणेला शंभरेक किलोमीटर गेले की विजापूरचा गोलघुमट. इतक्या मोठ्या ओढीच्या ठिकाणांच्या मधोमध वसलेले दुसरे शहर महाराष्ट्रात शोधावे लागेल. आणि तरीही बहुतेकांच्या आठवणीतले सोलापूर म्हणजे फलाटावरचा चहा, नाहीतर पिशवीतून डोकावणारी चादर.

पर्यटनाचे आकडे मोजणाऱ्यांची एक जुनी व्याख्या आहे. घरापासून दूर जाऊन जो किमान एक रात्र मुक्काम करतो तो पर्यटक. सकाळी आला आणि संध्याकाळी गेला तो नुसता दिवसाचा पाहुणा. संयुक्त राष्ट्रांची पर्यटन संघटनाही याच भेदावर हिशेब मांडते. हा भेद कागदी वाटतो, पण गावाच्या गल्ल्यांत तो लगेच दिसतो. दिवसाचा पाहुणा एक जेवण आणि एक रिक्षा यांपलीकडे फारसे देत नाही. रात्री थांबणारा खोली घेतो, संध्याकाळी बाजारात फिरतो, दुसऱ्या दिवशी नाश्ता करतो आणि हाताशी वेळ असल्यामुळे खरेदीही करतो. पर्यटनाचा खरा पैसा त्या एका संध्याकाळीत असतो. भाविकाचे प्रयोजन दर्शन झाले की संपते. पुढचे गाव वाट पाहत असते, परतीची गाडी ठरलेली असते. त्याला आणखी एक संध्याकाळ थांबवायचे तर त्या गावात पाहण्यासारखे, ऐकण्यासारखे, खाण्यासारखे, विकत घेण्यासारखे आणि दुसरीकडे न मिळणारे काहीतरी हवे. कला, संस्कृती, वारसा हे भारदस्त शब्द पर्यटनात नेमके एवढेच काम करतात.

त्यातही सगळा वारसा सारखा फळत नाही. अर्थशास्त्रात ज्याला गळती म्हणतात ती इथे फार महत्त्वाची. पाहुण्याने गावात हजार रुपये खर्च केले, पण हॉटेल बाहेरच्या साखळीचे, खेळणी परदेशातली आणि ‘आठवण म्हणून’ घेतलेली वस्तू दुसऱ्याच राज्यातून आलेली असेल, तर त्यातले गावात किती राहिले? याउलट वस्तू गावातच विणलेली, रांधलेली किंवा घडवलेली असेल, तर तोच रुपया विणकराकडून किराणावाल्याकडे, तिथून शाळेच्या फीकडे असा गावातच फिरत राहतो. म्हणून नुसती गर्दी मोजून काही कळत नाही.

सोलापुरात येण्याची सोय अलीकडे बरीच झाली. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली. त्याच वर्षी १५ जूनला सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी विमानांना अडथळा होते म्हणून पाडली, त्यावरून गावात उभे दोन तट पडले. जून २०२५ मध्ये होटगी रस्त्याच्या विमानतळावरून गोव्याची विमानसेवा चालू झाली. गिरण्यांच्या चिमण्यांवर ज्या शहराची ओळख उभी राहिली, त्याने विमानासाठी चिमणी पाडावी यात काळाचा एक खोडकरपणा आहे. पण गाडी आणि विमान माणसाला आणून सोडतात. थांबवण्याचे काम त्यांचे नाही.

मग सोलापूरकडे थांबवण्याजोगे काय आहे?

सुरुवात जानेवारीपासून करावी लागते, कारण सोलापूरचे वर्षच मुळी तेव्हा सुरू होते. सिद्धेश्वराची यात्रा, सोलापूरकरांच्या तोंडी ‘गड्डा’. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर बसवेश्वरांचे समकालीन आणि कन्नड वचनसाहित्यातले मोठे नाव. त्यांनी इथे तलाव खोदवला आणि गावाच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगे स्थापन केली. आज तलावाच्या मधोमध मंदिर आहे आणि काठाला लागून भुईकोट किल्ला. कथा अशी की एका कुंभारकन्येने सिद्धरामांशी लग्न करण्याचा हट्ट धरला. ते योगी, लग्न कसे करणार? शेवटी त्यांच्या योगदंडाशी तिचा विवाह लावण्यात आला. तोच विवाहसोहळा नऊशे वर्षांनंतरही दर संक्रांतीला साजरा होतो. योगदंडाचे प्रतीक म्हणून सात नंदीध्वज निघतात. नंदीध्वज म्हणजे सजवलेली, आकाशाला टेकू पाहणारी जड काठी, कमरेच्या पट्ट्यावर तोलून एकट्या माणसाने उभी पेलायची. तरुण पोरे त्यासाठी आधी कित्येक दिवस सराव करतात. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, ज्याला यण्णीमज्जन म्हणतात. भोगीला तलावाकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता. संक्रांतीला होम मैदानावर होमप्रदीपन, किंक्रांतीला शोभेचे दारूकाम आणि मग समारोपाचा विधी, कप्पडकळ्ळी. होमाच्या रात्री भाकणूक होते. मानकरी देशमुखांचे दिवसभर उपाशी ठेवलेले वासरू आणतात, त्याच्यापुढे धान्य, चारा, पाणी ठेवतात आणि ते काय करते त्यावरून येत्या सालाचे पाऊसपाणी सांगतात. पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले हजारो लोक ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’ असा गजर करत निघतात, तेव्हा शहराच्या रस्त्यांवर दुसरा रंगच उरत नाही.

मला या यात्रेत सर्वांत मोलाची वाटते ती मानकऱ्यांची मांडणी. पुजारी हिरेहब्बू, भाकणुकीचे वासरू देशमुखांचे, आणि सात ध्वजांमध्ये माळी, विश्वब्राह्मण, मातंग अशा वेगवेगळ्या समाजांचे मान. घोषणा मराठीत, विधींची नावे कन्नड. बाहेरच्या माणसाला हे सगळे नुसते बघून कळत नाही. कोणीतरी सांगावे लागते आणि तिथेच आपण कमी पडतो. पाहुणा गर्दीत उभा राहतो, काठ्या जाताना बघतो, पाळण्यांकडे वळतो आणि निघून जातो. नंदीध्वज कोणत्या मार्गाने किती वाजता येणार, कुठे उभे राहिले तर अक्षता नीट दिसतील, या विधीचा अर्थ काय, हे सांगणारे साधे पत्रक किंवा सकाळची एक माहितीफेरी झाली तरी तो माणूस पाच दिवसांतले निदान दोन दिवस राहील.

मात्र एक धोका इथे आहे. यात्रा पर्यटकांसाठी ‘सादर’ व्हायला लागली की तिचा जीव जातो. संमती कट्ट्यासमोर खुर्च्यांचे महागडे कक्ष उभे करून पहिल्या रांगेत पाहुणे बसवायचे आणि मानकऱ्यांना कडेला ढकलायचे, असे झाले तर उरते ते संचलन. जगभरच्या लोकोत्सवांनी हा अनुभव घेतला आहे. यात्रा आधी सोलापूरकरांची असली पाहिजे. पाहुण्याला तिची ओढ वाटते तीही त्याचमुळे.

यात्रेच्याच सुमारास, १२ जानेवारीला, सोलापूर आणखी एक गोष्ट आठवते. १९३० च्या मे महिन्यात इथे इंग्रजी अंमल काही दिवस जवळपास नाहीसाच झाला होता. मग मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिले गेले. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी: गिरणगावातली चार माणसे, चार घरे. चौकात त्यांचे पुतळे आहेत, नाट्यगृहाला हुतात्म्यांचे नाव आहे. शहराच्या नकाशावर मात्र मार्शल लॉची ठिकाणे सलग चालत पाहता येतील अशी ‘हुतात्मा फेरी’ कोणी आखली, तर इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातले एक प्रकरण दोन तासांत पायाखालून जाईल.

तलावाकाठच्या किल्ल्याचा विषय वर निघालाच आहे. बहमनी काळातला हा भुईकोट दोन लग्नांमुळे लक्षात राहावा. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात विजापूरच्या आदिलशाहाची बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाला दिली, तेव्हा सोलापूर आंदण म्हणून द्यायचे कबूल झाले. विजापूरकरांनी ते दिले नाही आणि त्या एका न दिलेल्या हुंड्यापायी दोन्ही शाह्या चाळीसेक वर्षे एकमेकींशी लढत राहिल्या. पुढे विजयनगरविरुद्ध एकजूट करायची वेळ आली. मग अहमदनगरची चांदबिबी पहिल्या अली आदिलशाहाला दिली आणि या वेळी सोलापूर खरोखरच आंदणात गेले. १५६५ ची तालिकोटची लढाई त्यानंतरची. दक्षिणेच्या इतिहासाला वळण देणारा सौदा ज्या गावावरून झाला, त्या गावाचा किल्ला आज मुख्यतः सकाळी चालायला जाण्याची जागा आहे. चालण्याला माझी हरकत नाही. हरकत या गोष्टीची की आत गेलेल्या माणसाला चांदबिबीच्या हुंड्याची ही गोष्ट कोणी सांगत नाही. दगड आपोआप बोलत नाहीत. पुरातत्त्व खात्याच्या निळ्या फलकावर ‘हे स्मारक संरक्षित आहे, नुकसान केल्यास शिक्षा होईल’ एवढे वाचून कोणाचे कुतूहल जागे झाल्याचे ऐकिवात नाही.

आता माग. सोलापूरच्या वारशात सर्वांत मोठा, सर्वांत जिवंत आणि पाहुण्यापासून सर्वांत लपवलेला भाग हाच.

१८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल सुरू झाली. सोलापूरकर तिला आजही ‘जुनी मिल’ म्हणतात. मागोमाग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. पण त्याआधीपासून तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर इथे हातमागावर बसत होते. भवानी पेठ, साखर पेठ, कन्ना चौक या भागांत अजूनही मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथोत्सव निघतो तो याच समाजाचा. जुनी मिल १९६० च्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू १९९० च्या दशकात. गिरण्या गेल्या, पण विणकाम गेले नाही. ते यंत्रमागावर, घराघरांतल्या आणि औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांत पसरले.

सोलापुरी चादर ज्या तंत्राने विणली जाते ते जॅकार्डचे. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ साली ते बसवले. मागाच्या डोक्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरते. ज्या जागी भोक, तिथला उभा धागा वर उचलला जातो. भोक नाही, तो खालीच राहतो. आडवा धागा त्या फटीतून धावतो. एकेका ओळीसाठी एकेक पत्ता, आणि अशा शेकडो पत्त्यांच्या हुकमाने मयूरपंखाची नक्षी सरकत सरकत पुढे येते. चादर उलटी केली तरी नक्षी तीच असते, फक्त रंगांची अदलाबदल होते, याचे गुपित त्या दुहेरी विणीत आहे. ‘भोक आहे’ आणि ‘भोक नाही’ या दोनच खुणांनी यंत्राला आज्ञा देण्याची ही युक्ती पुढे गणकयंत्रांच्या जन्मदात्यांना उपयोगी पडली. सातवीतल्या मुलाला संगणकाचा पाया समजावायचा असेल तर चालत्या जॅकार्ड मागाएवढे चांगले साधन नाही, आणि या जिल्ह्यात ते हाकेच्या अंतरावर आहे.

सोलापुरी चादरीला आणि सोलापुरी टॉवेलला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाचा अर्थ एवढाच की ते नाव ठरावीक प्रदेशात, ठरावीक पद्धतीने विणलेल्या मालालाच लावता येते. कायदा कागदावर पक्का आहे. पण देशभरच्या बाजारांत पानिपतकडची स्वस्त चादर ‘सोलापुरी’ म्हणून सर्रास खपते. गिऱ्हाईक दोन्ही चादरी हातात घेऊन बघत नाही, त्याला फरक कळणार कसा? इथे पर्यटन कायद्यापेक्षा जास्त कामाचे ठरू शकते. ज्याने एकदा माग चालताना पाहिला, सुताचा पोत बोटांनी चाचपला, उलटसुलट नक्षी पाहिली, तो परत नकली चादर घेत नाही आणि चार जणांना घेऊ देत नाही.

याची उदाहरणे फार लांब शोधायला नकोत. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गाने हैदराबादच्या थोडे पुढे गेले की पोचमपल्ली आहे. तेही विणकरांचेच गाव, इकत साड्यांचे. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने त्याची निवड जगातल्या उत्तम पर्यटन-गावांत केली. तिथे येणारा माणूस साडी घेण्याआधी धागा कसा बांधतात, रंगवतात, मागावर कसा चढवतात हे बघतो. आपल्याकडे येवल्यात पैठणीचे तेच होते. घरातला माग बघायचा, मग खरेदी करायची. अमेरिकेतल्या लोवेल या गिरणगावात तर १९७८ मध्ये बंद पडलेल्या कापडगिरण्यांचे राष्ट्रीय उद्यानच केले. एका दालनात जुने माग खरोखर चालवतात आणि आवाज असा की बघणाऱ्यांना कानांत घालायला बोळे देतात. अहमदाबाद हे आपल्यासारखेच गिरण्यांचे शहर. तिथल्या महापालिकेने १९९७ साली काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतची पायी वारसाफेरी सुरू केली, रोज सकाळी, पोळ म्हणवणाऱ्या जुन्या वस्त्यांच्या बोळांतून. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, ते शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आधी फेरी आणि मग यादी, हा क्रम लक्षात घ्यावा. आपण यादीची वाट बघत बसतो.

सोलापूरच्या कारखान्यांना पाहुण्यांचे वावडे असण्याची कारणे मी समजू शकतो. जागा कोंदट, माग धोक्याचे, नक्षी चोरीला जाण्याची धास्ती, आणि मजुरीचे दर तुटपुंजे असल्यामुळे कामगाराला दाखवण्याचा संकोच. यातले शेवटचे कारण सर्वांत खरे आणि सर्वांत कमी बोलले जाणारे आहे. पाहुणा आला की तो विचारणारच, एका चादरीमागे विणणाऱ्याला किती मिळतात? त्या प्रश्नाला ताठ मानेने उत्तर देता येईल असा एखादा कारखाना निघाला, तर तोच गावातले सर्वोत्तम संग्रहालय होईल. सध्या हातमागावर भित्तिचित्रे विणणारे मोजके कारागीर आहेत. धाग्यांत माणसाचा हुबेहूब चेहरा उतरवणारे. त्यांच्यापर्यंत तरी पाहुण्याने पोचावे.

गिरण्यांच्या पैशातून आणि व्यापारातून उभी राहिलेली एक वास्तू मात्र दिमाखात आहे. अप्पासाहेब वारदांचे इंद्रभुवन. विसाव्या शतकाच्या आरंभीचा हा वाडा महापालिकेचे कार्यालय म्हणून वापरात राहिला. जन्ममृत्यूचा दाखला काढायला गेलेला माणूस मान वर करून छत बघत उभा राहतो, असे भाग्य फार थोड्या पालिकांच्या वाट्याला आले असेल.

भैय्या चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर हा अगदी वेगळा प्रकार. १९१० साली सोलापुरात जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून चीनला गेले. जपानशी चाललेल्या युद्धात जखमींची शुश्रूषा करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. महापालिकेने त्यांच्या राहत्या घराचे स्मारक केले आहे. चीनमध्ये आजही हे नाव आदराने घेतात आणि चिनी शिष्टमंडळे सोलापूरला येतात ती या घरासाठी. सोलापुरात राहणाऱ्या किती जणांनी ते आतून पाहिले आहे, हा प्रश्न न विचारलेला बरा.

शहराबाहेर पडले तर दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. इथल्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा, मराठी शिलालेख आहे. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. रायगड जिल्ह्यातल्या अक्षीच्या लेखाचे वाचन शके ९३४ असे पुढे आल्यावर पहिला मराठी लेख कोणता हा वाद रंगला, तो रंगू द्या. हजार वर्षांपूर्वीचे मराठी वाक्य दगडावर आपल्या डोळ्यांनी वाचता येते ही गोष्ट वादापेक्षा मोठी. त्याच परिसरात उत्खननात सापडलेले शिवलिंग आहे, ज्यावर तीनशे एकोणसाठ मुखे कोरलेली आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा गावोगावी पेढे वाटले. शाळांच्या सहली मात्र अजूनही वॉटर पार्कला जातात. एखादी बस कुडलला वळली, आणि एखाद्या शिक्षकाने मुलांना त्या तुळईखाली उभे करून अक्षर-अक्षर वाचायला लावले, तर अभिजात म्हणजे काय ते भाषण न करता कळेल.

खाण्याबद्दल थोडक्यात. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हे मुळातच प्रवासाचे अन्न आहे. आठवडाभर टिकते, म्हणून पाहुण्याबरोबर मुंबई-पुण्याला जाते आणि गावाचे नाव नेते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबालाही २०१६ मध्ये मानांकन मिळाले. हिवाळ्यात हुरड्याच्या निमित्ताने शहरातली माणसे शेतावर जातात, ते पर्यटन कोणत्याही सरकारी योजनेवाचून चालू आहे. गड्ड्याची यात्रा आणि हुरडा एकाच हंगामात येतात, हे जोडून विकायला कोणाची बंदी नाही.

देखभाल केली तर काय होते हे पाहायचे असेल तर हैदराबाद रस्त्यानेच पन्नासेक किलोमीटरवर नळदुर्गला जावे. जिल्हा धाराशिव, पण वाट सोलापूरची. बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ साली, पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी असे दोन धबधबे बंधाऱ्यावरून कोसळतात आणि माणूस त्यांच्या मागे, कोरड्या दालनात उभा असतो. राज्य सरकारच्या स्मारक संगोपन योजनेत सोलापूरच्याच एका कंपनीने हा किल्ला सांभाळायला घेतला. झाडी काढली, वाटा केल्या, तिकीट लावले. पावसाळी सुट्टीला तिथे आता वाहने लावायला जागा मिळत नाही. खासगी हातात स्मारक द्यावे का, यावर मतभेद असू शकतात. काटेरी झुडपांत पडलेला किल्ला बरा होता असे म्हणणारा मात्र मला भेटलेला नाही.

उलट बाजूचे उदाहरण माळढोकाचे. सोलापूरजवळचे नान्नज १९७९ मध्ये या पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. फलक राहिले, मनोरे राहिले. पक्षी दिसणे आता नशिबाची गोष्ट झाली आहे. ज्याच्यासाठी लोक येतात तेच संपले तर येणाऱ्यांना कितीही सोयी केल्या तरी काय दाखवणार? हाच प्रश्न वेगळ्या रूपात पंढरपुरात उभा आहे. विठ्ठल मंदिराच्या संवर्धनाचे काम चालू असताना २०२४ च्या मे अखेरीस एक तळघर उघडले आणि त्यात जुन्या मूर्ती सापडल्या. वरचे थर काढून मूळ दगड मोकळा करण्याचे ते काम जाणकारांना पटले. पण त्याच मंदिराभोवती रुंद कॉरिडॉर करायचा तर जुने वाडे, बोळ, पिढ्यानपिढ्यांची बुक्क्याची आणि टाळ-मृदंगाची दुकाने हटवावी लागतात. म्हणून स्थानिकांचा विरोध आहे. गर्दीच्या सुरक्षेचा प्रश्न खराच आहे, त्याला उत्तर हवे. पण वारकऱ्याला पंढरपूर म्हणून जे ओळखीचे वाटते त्यात ते बोळही आहेत. आषाढीला चालत येणाऱ्यांना रुंद चौक पाहायचा नसतो.

शेवटी लावणी कलावंतांचा एक वर्ग उरतो, ज्याचे नाव पर्यटनाच्या बैठकांत निघाले की आवाज खाली येतो. पुणे–सोलापूर रस्त्यावर मोडनिंब आहे, माढा तालुक्यातले. संगीतबारीच्या कला केंद्रांसाठी हे गाव महाराष्ट्रभर माहीत आहे. शाहीर राम जोशी सोलापूरचे, अठराव्या शतकातले. लावणीला शास्त्राचा आणि शृंगाराचा एकत्र साज चढवणारे. म्हणजे ही परंपरा इथली घरचीच. बैठकीची लावणी ऐकायला रसिक लांबून येतात, पैसे मोजतात, रात्री थांबतात. पर्यटनाच्या व्याख्येत शंभर टक्के बसणारे हे पाहुणे आहेत आणि कोणत्याही महामंडळाने त्यांना बोलावलेले नाही. अकलूजला राज्यस्तरीय लावणी स्पर्धा झाल्या. घरंदाज म्हणवणाऱ्या प्रेक्षकांनी तिथे टाळ्या वाजवल्या. राज्य सरकार विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. कलेला मान मिळाला असे म्हणायला हरकत नाही. पण कला केंद्रातल्या कलावंतिणीला पुढच्या पिढीसाठी गुरू, वाद्यवृंदाला नियमित बिदागी, आणि पाहुण्याला सन्मानाने येऊन बसता येईल असे, दारू आणि दांडगाई दाराबाहेर ठेवणारे प्रेक्षागृह अजून हवे आहे. चादरीला मानांकन मिळाले, ज्वारीला मिळाले, डाळिंबाला मिळाले. अदा, बोल आणि ढोलकीची लय यांना असे मानांकन लावता येत नाही. त्यांना लागतात त्या ठरलेल्या तारखा, ठरलेले तिकीट आणि त्या तिकिटातला ठरलेला वाटा. सोलापुरात संध्याकाळ काढायची तर कुठे जावे, असे स्टेशनवर विचारणाऱ्याला जीपवाल्याने मोडनिंबचा रस्ता बिनदिक्कत सांगावा, इतपत तरी ही व्यवस्था व्हायला हवी.